बंदीवर बंदी आणि माझा बंब

सन दोन हजार पंचवीस, जानेवारीची पंचवीस तारीख, कडक थंडी. मी चुकलो असं मी सहसा म्हणत नाही. आज म्हणतोय, तेव्हा चहा बाजूला ठेवा आणि एकदाच ऐका.

स्नेहलतागंज मोहल्ल्यात आमच्या घरी तांब्याचा बंब आहे. शेजारच्या कुलकर्णीबाई शाळेत शिकवतात. नेहमी सुनावायच्या, "काका, तुमच्या बंबातून ग्रीनहाउस गॅस निघते." शेवटी तह झाला. मी बंब पेटवायचा नाही, त्यांनी सोलरचं गरम पाणी रोज एक बादली द्यायचं. शब्द दिला. पण दुसऱ्याच्या पाण्याने अंघोळ? अंगाला लागतच नव्हती!

त्या दिवशी एकादशी. बाजारातून साबुदाण्याची खिचडी कागदात आणली. खाऊन झाल्यावर कागद वाचला. चौथी पास आहे, पण छापलेलं सोडत नाही. हिंदी पेपर होता: 'राज्य में ग्रीनहाउस गैस के सारे नियम रद्द, ऐसे नियम बनाने पर भी रोक.'

बंदीवरच बंदी! आता सांगा, मी गप्प बसणार? बंब पेटवला. लाकडं ओली होती, तरी घातली; काळा धूर थेट बाईंच्या अंगणात.

बाई धावत आल्या. "काका! हे काय करून राहिले तुम्ही? ठरलं होतं ना!"

"ठरलेलं रद्द. कायदा झालाय. मला अडवाल तर केस तुमच्यावर होईल!"

गल्ली जमली. मी कागद उंच धरून वाचून दाखवला.

"वा भिया, काका तो वकील निकले!" कोणीतरी आमच्याकडच्या हिंदीत ओरडलं. मी छाती काढली.

बाईंनी कागद घेतला. वरच्या ओळीवर साबुदाण्याचे दोन-तीन दाणे चिकटले होते. ते नखाने काढले. दाण्यांखाली छापलं होतं, 'अमेरिका के एक'.

"काका, अमेरिकेत राहायला कधी गेलात?"

गल्ली खो खो हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी अंगणातल्या कपड्यांच्या दोरीकडे बोट दाखवलं. झेंडावंदनाची पांढरी साडी, काजळीने राखाडी झालेली.

"एकच आहे, काका. उद्या मुलींना घेऊन मैदानात उभं राहायचंय."

"मी धुतो," म्हटलं. बंब विझवून धुवायला बसलो. गार पाण्याने काजळी निघते थोडीच? आणि बंब तर मीच विझवलेला. बादली घेऊन बाईंच्या दारात उभा राहिलो.

"अंघोळीला?"

"साडीला."

दोन बादल्या लागल्या.

सव्वीस तारखेच्या सकाळी साडी पांढरीशुभ्र, इस्त्री करून, त्यांच्या हातात दिली.