बाटलीतलं दूध

माझ्या नवऱ्याच्या पोटातून दोन नळ्या बाहेर आल्या होत्या. अल्सर फुटला म्हणून घाटकोपरच्या एका इस्पितळात यांचं ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग काढावा लागला, आणि आतले टाके धरेनात. तोंडाने पाणीसुद्धा बंद. डावीकडची नळी आतड्यात अन्न घालायला. उजवीकडची आतली घाण बाहेर काढायला, ती खाटेखालच्या बाटलीत सोडलेली.

अन्न कसं घालायचं ते सिस्टरनी मला शिकवलं. विक्रोळीच्या खोलीवरून मी फडक्यातून गाळलेली पेज आणि दूध घेऊन जायची. मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडायचं, मग कोमट पाण्याने नळी धुवायची. हे छताकडे बघत पडलेले असायचे. आम्ही बोलत नसू. मी नळीकडे बघायची, माणसाकडे बघायचं राहून जायचं.

एका दुपारी दूध घालून मी उठले, तर बाटलीत पांढरं उतरत होतं. आधी वाटलं, बाटली धुताना साबण राहिला असेल. मग ते हिरव्या-पिवळ्या पाण्यात पसरत गेलं. मी एका बाजूने घातलेलं दूध दुसऱ्या बाजूने बाहेर येत होतं. मी सिरिंज धुतली, फडक्यावर ठेवली आणि मग सिस्टरना बोलवायला गेले.

डॉक्टर आले, पोट दाबून बघितलं. यांनी दात आवळले.

"अन्नाची नळी आतड्यातून निसटलीय," ते म्हणाले. "दूध आतड्याबाहेर, पोटात सांडतंय. आता काही घालू नका."

"म्हणजे परत कापणार?" यांनी विचारलं.

"हो. आजच."

हे मला म्हणाले, "तू काहीतरी खाऊन ये."

बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. "खाल्लंस काय गो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. खाल्लं नव्हतं. भीती वाटायला हवी होती, ती येईल म्हणून मी वाट बघत बसले. आली नाही.

हे वाचले. पण उजवीकडच्या भोकाभोवती आतून झिरपणाऱ्या त्या हिरव्या-पिवळ्या पाण्याने कातडी भाजल्यासारखी सोलली होती. तिथे मलम लावताना हे माझं मनगट घट्ट धरायचे. बाटलीतलं पाणी हळूहळू कमी झालं. आधी ती नळी निघाली, तोंडाने खाणं जमल्यावर दुसरी.

घरी आल्यावर हे भिंतीला टेकून मऊ भात जेवले. चार घास खाऊन थांबले, परत दोन खाल्ले. सासूबाई मोरीकडे तोंड फिरवून रडायला लागल्या.

"तू पण रड गो जरा," त्या मला म्हणाल्या.

"पाणी येईल आता," मी म्हटलं, आणि हंडे घेऊन नळावर गेले.