दाजी, टॅब आणि सोनगीरचा टॉवर

साऱ्या खान्देशात स्वतः कधीच रस्ता न चुकलेला, पण इतरांना सर्वांत जास्त चुकवणारा माणूस कोण, असं कोणी विचारलं तर मी डोळे मिटून माझ्या दाजींकडे बोट दाखवीन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. धुळ्याजवळच्या एका विमान-प्रशिक्षण शाळेत ते गेली कित्येक वर्षं पोरापोरींना उडायला शिकवतात, आणि त्यांच्याच शब्दावर मी तिथे कारकून म्हणून चिकटलो. त्यामुळे घरी मेहुणा आणि शाळेत कारकून, अशा दोन्ही नात्यांनी मला त्यांचं ऐकून घ्यावं लागतं.

दाजींचा सगळा जीव कागदी नकाशात. हा नकाशा पुरता उघडला तर पंगतीच्या सतरंजीएवढा होतो, आणि शाळेचं विमान तर दोन माणसांतच भरून जातं. म्हणून ज्या भागावरून उडायचं तेवढाच वर राहील अशी त्याची घडी घालावी लागते. ही घडी दाजींच्या हातात इतकी मुरली आहे की वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, विजेचं बिल, सगळं ते तसंच घडी करून ठेवतात. अक्काच्या साड्यांनाही हात लावतात, आणि नेमका डाग पडलेला कोपरा वर येतो. रस्ता सांगतात तोही अंशांत. माझ्या भाचीचा, म्हणजे त्यांच्याच मुलीचा, साखरपुडा एरंडोलला होता. आचाऱ्याला दाजींनी ‘धुळ्याहून नव्वद अंशावर, एकतीस मैल’ एवढंच सांगितलं. विमानातला मैल जमिनीवरच्या मैलापेक्षा लांब असतो हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? तो मोजून एकतीस मैलांवर भांडीकुंडी उतरवून बसला, आणि आमची वरण-बट्टीची पंगत दुपारी चारला बसली.

अशा माणसाच्या मांडीवर शाळेने एक दिवस टॅब ठेवला. कागदी नकाशे बंद, यापुढे सगळं काचेत. दाजी सवयीने बोट जिभेला लावून काचेवर फिरवत, आणि टॅब त्या ओल्या बोटाला दाद देत नसे. उन्हात तो तापून बंद पडतो हे कळल्यावर त्यांनी त्याला ओल्या पंच्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलं. तो वाचला, हे आमचं नशीब.

पण खरा कहर केला तो दुरुस्तीने. नकाशावर काही नवीन आलं की त्याची चिठ्ठी कापून जागच्या जागी चिकटवायची, ही दाजींची जुनी शिस्त. सोनगीरजवळ नवा टॉवर उभा राहिल्याचं पत्रक आलं. दाजींनी नखाएवढी चिठ्ठी कापली, लाल शाईने तिच्यावर टॉवर काढला आणि डिंक लावून टॅबच्या काचेवर, सोनगीरच्या शेजारी, चिकटवून टाकली. नंतर ते भुसावळच्या एका मुलीला घेऊन उडाले. आता टॅबमधला नकाशा विमानाबरोबर सरकतो, विमान वळलं की वळतो. चिठ्ठी मात्र जागची हलत नाही. मुलीला काचेवर टॉवर समोर दिसला, ती उजवीकडे वळली. टॉवर पुन्हा समोर. ती पुन्हा वळली. दाजी खिडकीतून बाहेर बघत तिला सोनगीरच्या किल्ल्याची माहिती देत होते. तोच किल्ला तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यांना शंका आली.

आमचे मुख्य प्रशिक्षक एके काळचे दाजींचेच विद्यार्थी. हसून हसून त्यांनी डोळे पुसले. “सर, महिन्याभरात टॅबची परीक्षा द्या,” ते हळूच म्हणाले, “नाहीतर मला तुम्हाला विमानातून उतरवून वर्गात बसवावं लागेल.” दाजींचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. खडू हातात घेऊन आभाळ शिकवायचं, ही कल्पनाच त्यांना सोसवेना.

महिनाभर ती भुसावळची मुलगी निंबाखाली बसून त्यांना शिकवत होती. चुकलं की ती रागवायची आणि दाजी मान खाली घालायचे. अक्काबरोबर एसटीने साक्रीला, तिच्या माहेरी, जातानाही टॅब मांडीवर. शेवटी अक्का टॅबकडे बोट दाखवून वैतागून म्हणाली, “मनं म्हायेर कोठे शे, हाई आते याले इचारानं का?” दाजींनी मान वर केली नाही. परीक्षेत मात्र पहिल्याच फटक्यात पास झाले. मी शाळाभर पेढे वाटले.

त्यानंतर काही आठवड्यांनी, दुपारी, ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. पूर्वी हवेत धूळ असली की विद्यार्थी गोंधळायचे, घाबरून त्यांच्याकडे वळायचे आणि विचारायचे, ‘सर, आपण कुठे आहोत?’ दाजींना ठाऊक असायचं, पण ते लगेच सांगत नसत. खाली बघायला लावत, नदी शोधायला लावत. आता काचेवर एक चिमुकलं विमान सतत दाखवत असतं, तुम्ही इथे आहात.

“आज तीन पोरेसले लई गऊ,” दाजी म्हणाले. “एकनीबी इचारं नही.”

वर नेलेल्या तिघांपैकी एकानेही विचारलं नाही, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी घरी जाताना मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसलो. तो रस्ता मला पाठ आहे. तरी थोडं अंतर गेल्यावर मी पुढे वाकून विचारलं, “दाजी, आपण कुठे आहोत?”

मग त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

“तूच सांग,” ते म्हणाले. “डावीकडे काय दिसतंय?”