आत्याचा घसा बसलाय

आधीच सांगते, माझा राग अजून गेलेला नाही. समजूत घालणारे भरपूर भेटले, त्यांचा उपयोग झाला नाही.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही. ठाकुर्लीच्या आमच्या घरात ती आणि मी एका खोलीत राहायचो. ती वागळे इस्टेटमधल्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. पहिली पाळी करून दुपारी घरी यायची आणि शाळेतून आलेली मी तिच्या ताब्यात जायचे. आई-बाबा संध्याकाळी उशिरा यायचे, तोवर माझा अभ्यास, माझं खाणं, माझी भांडणं सगळं तिच्याच हद्दीत.

तिच्या कारखान्यातली काही औषधं दक्षिण अमेरिकेत जायची. त्यांच्या खोक्यात घालायची स्पॅनिश माहितीपत्रकं कधी वेडीवाकडी छापली जायची, ती आत्या मला होड्या करायला आणून द्यायची. आठवीत असताना मी त्यातलं एक वाक्य शब्दकोश बघून लावलं. औषध लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, असा त्याचा अर्थ होता. आत्याला इतका आनंद झाला की आमची पोरगी स्पॅनिश वाचते, असं ती कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटली. एका वाक्यावर तिने मला स्पॅनिशची पंडित करून टाकलं. मग मला खरंच शिकावी लागली.

एम.ए. करताना स्पेनमध्ये एक सत्र राहून शिकायची संधी आली. बाबा नाही म्हणाले. एकटी मुलगी, परका देश, आजारी पडलीस तर कोण बघणार, वगैरे. आत्या तोवर निवृत्त झालेली होती. तिने वाद घातला नाही, भावाशी बोलणंच बंद केलं. त्याच टेबलावर जेवायची, पण आमटी हवी असली तरी माझ्याकडून मागवायची. शेवटी बाबांनी हात टेकले.

ते गाव लहान होतं. एका वयस्क विधवा बाईंच्या घरी माझी राहायची सोय होती. अभ्यासक्रमाचा नियम कडक. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत फक्त स्पॅनिश, आणि घरी फोन करायचा तो फक्त रविवारी. म्हणजे भाषा अंगात मुरते म्हणे. मी नियम पाळला, फक्त आत्याच्या बाबतीत मोडला. ती रोज एक व्हॉइस मेसेज पाठवायची. भाजी काय केली, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोण कोणावर धावून गेलं, ठाकुर्लीच्या पुलापाशी कशी गर्दी होती. मी बाथरूमचा नळ सोडून कानात इअरफोन घालून ऐकायचे.

ऑक्टोबरात ते मेसेज बंद झाले. मग टाइप केलेला एक आला. घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नको म्हणून सांगितलंय, काळजी करू नकोस. रविवारी बाबाही तेच म्हणाले. त्यांच्या फोनचा कॅमेराही नेमका तेव्हाच बिघडला होता, त्यामुळे नुसता आवाज. आवाज थकल्यासारखा वाटला. मी म्हटलं, तुमचाही घसा बसलाय का? हो म्हणाले, साथ आहे इकडे.

पुढचे सगळे महिने आत्या टाइपच करत राहिली. मी मोठमोठं लिहायचे, उत्तर यायचं 'छान'. आयुष्यात ती मला कधी नुसतं 'छान' म्हणाली नव्हती. मला वाटलं, दुखणं मोठं असणार आणि माझ्यापासून लपवताहेत. मी बाबांना खोदून विचारलं. ते म्हणाले, तसलं काही नाही, चिपळूणला मावसबहिणीकडे हवापालटाला गेली आहे. स्पेनमधल्या बाईंनी मला घशासाठी मध, लिंबू आणि कसल्यातरी पाल्याचा काढा सांगितला. तो मी नीट मराठीत लिहून आत्याला पाठवला. 'करून बघते' असं उत्तर आलं.

तोंडी परीक्षेला घरातल्या एका माणसाबद्दल बोलायचं होतं. मी आत्याबद्दल बोलले. ती राहते, ती हसते, ती भांडते. शिक्षिकेने क्रियापदं अचूक आली म्हणून कौतुक केलं. तेव्हा आत्याचं तेरावं कधीच उरकलं होतं.

फेब्रुवारीत परत आले. विमानतळावर एकटे बाबा. केस नेहमीपेक्षा बारीक. मी विचारलं तर सहज कापले म्हणाले. आत्या का नाही आली? घरी गेल्यावर बोलू. गाडीत मी झोपून गेले.

सामान घेऊन आम्ही लिफ्टमध्ये शिरलो तर आत दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "शेवटचं दर्शनसुद्धा नाही गं मिळालं तुला. फार जीव होता तिचा तुझ्यावर." मला वाटलं, काकूंचा काही घोटाळा होतोय. मी बाबांकडे बघितलं. ते लिफ्टच्या बटणांकडे बघत होते.

घरात शिरल्यावर मी बूटही काढले नाहीत. आई दारातच उभी होती. मी एकच विचारलं, मेसेज कोण लिहीत होतं?

"मी," आई म्हणाली. "बाबांना जमेना. तू धावत आली असतीस, सत्र बुडलं असतं. तिला ते आवडलं नसतं."

"तिला काय आवडलं असतं, ते तू तिच्याच फोनवरून ठरवलंस?"

ती रडायला लागली आणि बाबा मला म्हणाले, आईला त्रास देऊ नकोस. त्रास मी देत होते.

नंतर नातेवाईक येत राहिले. मला भेटायला म्हणून यायचे आणि आई-बाबांचं कौतुक करून जायचे. छातीवर दगड ठेवला हो पोरीसाठी. डोंबिवलीची मावशी तर म्हणाली, असे आईबाप मिळायला भाग्य लागतं. मी ट्रेमधले कप उचलले आणि आत जाऊन सिंकमध्ये इतक्या जोरात ठेवले की एक फुटला. मावशी बाहेरून म्हणाली, दमली असेल प्रवासाने. प्रवासाला तेव्हा दोन आठवडे होऊन गेले होते.

स्पेनच्या बाईंना मी गच्चीतून फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि तू त्यांना काय बोललीस?" मी म्हटलं, फारसं काही नाही. त्या म्हणाल्या, मग मला बोल. मी बोलले. पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून स्पॅनिशमध्ये ओरडले, शिव्यासुद्धा दिल्या. मराठीत तोंड उघडलं की मध्येच 'पण त्यांनी माझ्याच भल्यासाठी' हे घुसायचं. स्पॅनिशमध्ये माझ्याकडे ते वाक्य शिरायला जागाच नव्हती. वॉचमन वर येऊन बघून गेला.

मला वागळे इस्टेटमध्येच एका ऑफिसात भाषांतराचं काम मिळालं. ठाण्यात दोन मुलींबरोबर खोली घेतली. आईला सांगितलं, येण्याजाण्याचा त्रास वाचतो. तिला खरं कारण कळलं होतं.

वर्षश्राद्धाला बाबांनी बोलावलं, गेले. जेवणं झाली, पाहुणे पांगले. बाबा बाल्कनीत बसले होते, मी समोर खुर्ची ओढली. म्हटलं, मला कोणी अजून सांगितलेलं नाही. सगळं सांगा.

ते सांगायला लागले. आत्या आंबिवलीला कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीकडे गेली होती. तिथेच छातीत दुखायला लागलं. मैत्रिणीच्या मुलाने रिक्षात घालून कल्याणच्या हॉस्पिटलात आणलं. दोन दिवस अतिदक्षता विभागात होती. तिचा फोन तिथे काढून घेतलेला. शुद्धीवर होती, बोलत होती.

"काय बोलत होती?"

 बाबा म्हणाले, "तुला फोन लाव म्हणाली. मी म्हटलं, रविवारी लावू, तिला मधे बोलायची परवानगी नाही. ती शनिवारी पहाटे गेली."

माझा आवाज इतका चढला की आई आतून धावत आली. नियम माझ्यासाठी होता, तुमच्यासाठी नव्हता. ती रोज मोडत होती तो, मी मोडत होते. मरणाऱ्या माणसाला तुम्ही वार सांगितलात. आई म्हणाली, हळू बोल, शेजारी ऐकतील. मी म्हटलं, ऐकू देत, त्यांना माझ्याआधी कळलंच होतं. तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली.

"फोन लावायला हवा होता," मी म्हणाले.

"हो," बाबा म्हणाले. पुढे 'पण' जोडला नाही. तसं ते पहिल्यांदाच बोलले.

त्याने राग कमी झाला नाही. पण उठून जावंसंही वाटेना. मी खुर्ची आणखी जवळ ओढली आणि म्हटलं, आंबिवलीपासून परत सांगा, आणि या वेळी काही गाळू नका. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगायला सुरुवात केली.