मावशींचा टी-बॉल आणि एक खो

माणसांना झोपवण्यात माझ्या नवऱ्याच्या मावशींचा हात अख्ख्या टेक्सासात कुणी धरणार नाही, आणि मुलांना उठवण्यात तर नाहीच नाही. पहिलं काम त्यांनी भूलतज्ज्ञ म्हणून हॉस्पिटलात चाळीस वर्षं केलं. दुसरं त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलं, प्लेनोतल्या आमच्या वस्तीच्या क्लबात.

टी-बॉल म्हणजे बेसबॉलची बालवाडी. चेंडू कुणी टाकत नाही, तो पोरांच्या कमरेएवढ्या दांड्यावर ठेवलेला असतो. बॅटनं मारायचा आणि पळत सुटायचं, बेस नावाच्या खुणांना शिवत मैदानाला चक्कर मारून 'घरी', म्हणजे सुरुवातीच्या जागी, परत. कुणी आउट नाही, कुणी हरत नाही. क्लबच्या मीटिंगमध्ये "कोच कोण होणार?" असं विचारल्याबरोबर झाडून सगळे आईबाप आपापल्या फोनमध्ये शिरले. माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, इराला, घेऊन आमच्याबरोबर आलेल्या मावशींनी मात्र हात वर केला. "अहो मावशी, बॅट तरी धरता येते का तुम्हाला?" मी कुजबुजले. "बॅट नाही येत गं, पोरं धरता येतात," त्या म्हणाल्या. झालं! पुढच्या शनिवारी सलवार-कमीझवर क्लबची टोपी आणि गळ्यात शिट्टी घालून बाई मैदानावर हजर, तेही पाऊण तास आधी. बॅटिंगला जाणाऱ्या प्रत्येक पोराची नाडी बघायची आणि त्याला दहापासून उलटे आकडे म्हणायला लावायचे, ही त्यांची पहिली सुधारणा. "चाळीस वर्षं मोजायला लावलं, एकापर्यंत कुणी पोचलं नाही. इथे सगळे पोचतात!" याचं त्यांना कोण कौतुक! खाऊचं तसंच. बाकीच्या टीम चिप्स वाटायच्या, आमच्याकडे राजगिऱ्याचे लाडू. इथे मुलांना ॲलर्जी असते म्हणून शेंगदाणे चालत नाहीत हे कळल्यावर त्यांनी लाडवाच्या डब्यावर 'यात शेंगदाणे नाहीत' असं एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं की औषधाच्या बाटलीवरची सूचना परवडली.

पण खरी कमाल पहिल्या मॅचनंतर झाली. त्या मॅचमध्ये चेंडू कुठेही जावो, आमची आठही पोरं गुळाला मुंगळे लागावेत तशी त्याच्यावर तुटून पडली, आणि ढिगाच्या तळाशी जो सापडला त्यानं भोकाड पसरलं. मावशी शाळेत असताना अमरावतीकडून खो-खो खेळलेल्या. पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्यांना एका ओळीत बसवलं, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. चेंडू ज्याच्या बाजूला येईल त्याच्या पाठीवर थाप मारून मावशी ओरडणार, "खो!" तेवढ्यानंच उठायचं, बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. समोरच्या टीमचा उंचाडा कोच धावत आला. "मॅम, ही मुलं खाली का बसलीत?" मावशी इंग्रजीत म्हणाल्या, "आपली पाळी येण्याची वाट बघतायत." त्यानं वळून स्वतःच्या पोरांचा ढीग बघितला आणि तो आल्या पावली परत गेला. दोन आठवड्यांनी त्याचीही पोरं ओळीत बसलेली दिसली, तेव्हा मावशींनी मला असं काही कोपर मारलं की बरगडी दुखली.

या सगळ्या थाटात एकच गोम होती, आमची इरा. ती पहिल्या दिवशी गवतावर बसली ती बसलीच. बॅटिंग नाही, खो दिला तरी उठणं नाही. मावशी विचारायच्या, "काहून गं माय?" ती म्हणायची, "आय ॲम गुड, मावशीआजी." मला रात्रंदिवस तोच घोर, हिचं पुढे शाळेत कसं व्हायचं? मावशींचे गुडघे तेव्हा पार कामातून गेले होते. डॉक्टर ऑपरेशनची तारीख देत होते आणि मावशी ती पुढे ढकलत होत्या. "सीझन संपायच्या आत ही उठणार. तोवर माझे गुडघे मी धरून ठेवते," असं मला म्हणाल्या.

शेवटची मॅच. समोरच्या एका धिप्पाड मुलीनं मारलेला चेंडू घरंगळत येऊन नेमका इराच्या पुढ्यात थांबला. मावशी ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला, गुडघ्यांमुळे वेळेत पोचणं अशक्य. सगळं मैदान बघतंय, आणि इरा चेंडूकडे बघत ढिम्म. तेवढ्यात तिच्या शेजारची लाल केसांची मुलगी कुणालाही न विचारता वळली, इराच्या पाठीवर धपकन हात मारला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "खो!"

इरा उठली! चेंडू उचलला आणि जी सुटली ती पहिला बेस, दुसरा बेस, कशाकडेही न बघता तडक मावशींपाशी, आणि त्यांच्या हातात चेंडू ठेवून किंचाळली, "आय गॉट अप!" समोरची मुलगी मैदानाला चक्कर मारून कधीच घरी पोचली होती, पण तिच्याकडे बघतंय कोण? दोन्हीकडचे आईबाप उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी रडले, अगदी हुंदके देऊन. "फाउल आहे हा, बसलेल्यानं खो द्यायचा नसतो," मावशी म्हणाल्या, पण चष्मा मात्र ओढणीला पुसत होत्या.

पुढच्या मंगळवारी सकाळी गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी आम्ही सगळे हॉस्पिटलात. नर्सनं मावशींचं नाव पुकारलं. मावशी बसून राहिल्या. नर्सनं पुन्हा पुकारलं. "आत काय काय होतं ते मला सगळं माहीत आहे ना गं," त्या हळूच म्हणाल्या. हजारो माणसांना धीर दिलेली ही बाई घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती.

इरा माझ्या मांडीवरून उतरली, खुर्चीच्या मागे गेली आणि मावशींच्या पाठीवर तिनं अलगद हात ठेवला.

"खो, मावशीआजी."

आणि मावशी उठल्या.