येतो म्हणावं

शेवंतामावशींच्या दारातून कोणाला ‘जातो’ म्हणून बाहेर पडता येत नसे. नाशिकरोडला त्यांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीमागे एक खोली भाड्याने द्यायची होती. मी घोटीजवळच्या खेड्यातून कॉलेजसाठी आलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. खोली पाहिली, ठरवली आणि म्हणालो, “बरं मावशी, जातो.”

बसथांब्यापर्यंत पोचलो असेन. मागून हाक आली, “ओ घोटीवाले, मागं या.” मावशी रस्त्यावर उभ्या होत्या. केसांवर, भुवयांवर, पदरावर पीठ. मला वाटलं, काही विसरलं. परत गेलो तर त्यांनी मला पायरीवर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाल्या, “आता म्हणा.”

“काय म्हणू?”

“येतो म्हणा. जातो म्हणू नये माणसानं. घरातून निघताना येतोच म्हणावं.”

मी “येतो” म्हणालो. “हां, आता जावा,” असं त्या स्वतःच म्हणाल्या. ते माझ्या ध्यानात आलं, पण पहिल्याच दिवशी बोलून दाखवायची हिंमत झाली नाही.

तीन वर्षं मी त्या खोलीत राहिलो. मावशी मोठ्याने आणि थोडक्यात बोलत. गिरणी चालू असताना लांबलचक बोलून उपयोग नसतो, म्हणून त्यांच्या बोलण्याला तशीच सवय लागली होती. “बारीक का जाडं?” “डबा ठेव, संध्याकाळी ये.” समोरचा माणूस अडला, तर त्याचं वाक्य त्याच पुरं करून टाकत. मला त्या पहिल्या वर्षापासून ‘पदवीधर’ म्हणत. परीक्षा आली की दिवेलागणीलाच गिरणी बंद करत. गिऱ्हाइकं कुरकुरली की सांगत, “आमच्या पदवीधराचा पेपर हाय उद्या. तुमची भाकर एक दिवस उशिरा झाली तर काय बिघडतंय?” माझ्या पदवीत त्या बंद गिरणीचा वाटा आहे, हे मला अजूनही सांगावंसं वाटतं.

त्यांना एकच मुलगा, दिनकर. मी राहायला गेलो त्याआधीच तो घर सोडून गेला होता. डिझेल मेकॅनिकचा कोर्स केलेला, सातपूरला काही दिवस नोकरी केलेली. तो कारखाना बंद पडल्यावर एका ठेकेदाराबरोबर रस्त्याच्या कामाला अंदमानात गेला, आणि काम संपलं तरी तिथेच राहिला. गावाचं नाव मायाबंदर. मावशी म्हणत, “नावात माया हाय, बाकी कशात नाय.”

दिनू बोलताना अडखळत असे. पहिल्या अक्षरावर शब्द अडून बसायचा. शाळेत पोरं चिडवायची आणि घरात गिरणीच्या आवाजात शब्दाची वाट बघायला कोणाला वेळ नसायचा. शेजारच्या एसटीडी बूथवर त्याचा फोन आला की शब्द आणखीच अडायचा. मावशी इकडून ओरडून त्याची वाक्यं पुरी करत, मग फोन बंद व्हायचा. शेवटी फोनही कमी झाले. “निघताना येतो म्हणून गेला,” त्या सांगत, “माझ्या कानानं ऐकलंय. मग येत का नाय?”

माझा बी.ए.चा निकाल लागला त्यानंतरच्या हिवाळ्यात मावशींनी गिरणीवर नवी पाटी लावून घेतली, ‘दिनकर फ्लोअर मिल’. सगळ्या गल्लीला सांगितलं की पोराला घेऊन येते. मला म्हणाल्या, “पदवीधर, तुला इंग्रजी पाट्या वाचता येत्यात. चल माझ्याबरोबर.” मी तोपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी तर शिर्डीच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं.

कल्याणला गाडी बदलून चेन्नई, आणि तिथून बोट. मावशींच्या पिशवीत घरच्या गिरणीवर दळलेलं बाजरीचं पीठ होतं आणि एक नारळ. तो त्यांनी बोट सुटल्यावर हात जोडून समुद्राला वाहिला. बोटीवर निम्मे लोक उलट्या करत होते. मावशी खाली बंकवर निवांत झोपल्या. “गिरणीसारखीच हादरती,” त्या म्हणाल्या. “लय दिवसांनी अशी झोप लागली.”

पोर्ट ब्लेअरहून मायाबंदरला बसने दिवस गेला. जंगलामागून जंगल, मध्ये खाडी आली की बससकट तराफ्यावर चढायचं. मायाबंदर म्हणजे टेकडीच्या कण्यावरचा एक रस्ता. त्याच्या दोन्ही अंगांना समुद्र दिसतो. लाकडी घरं, पत्र्याची छपरं, थोडी दुकानं आणि रस्ता उतरून गेला की धक्का. सगळीकडे नारळ. मावशी झाडांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मी नाशिकरोडहून नारळ आणला. समुद्र हसला असंल.”

दिनू बसथांब्यावर आला होता. उंच, काळवंडलेला, हाताला ग्रीसचा वास. तो आईच्या पाया पडला आणि “आ… आ…” वर अडला. “आई, कशी आहेस, हेच ना? बरी हाय,” मावशींनी वाक्य पुरं केलं. तो हसला आणि पिशव्या उचलून चालू लागला.

त्याची खोली धक्क्याजवळ होती. मावशींना तिथली शांतता सहन होईना. “कान दुखतात,” म्हणाल्या. संध्याकाळी पाच वाजून गेले की अंधार, सकाळी सहा वाजून गेले की लख्ख ऊन. “इथला सूर्य गिरणीवाला दिसतोय. लवकर दुकान उघडतो, लवकर बंद करतो.” तिथे बघण्यासारखं काय आहे, असं मी दिनूला विचारलं. त्याने समुद्राकडे बोट दाखवलं. मला पोहता येत नव्हतं, म्हणून मी खडकावर बसून राहायचो. पाणी काठाशी हिरवं, लांब निळं. लाट अशी नव्हतीच, तळ्यासारखं पाणी वरखाली व्हायचं. आमच्याकडे धरणाचं पाणी एवढं स्तब्ध असतं, पण त्याला असा रंग नसतो.

एके दुपारी दिनू जेवायला आला नाही म्हणून मावशी बाजरीची भाकरी फडक्यात बांधून धक्क्यावर निघाल्या. मीही गेलो. तो एका डोंगीच्या, म्हणजे छोट्या होडीच्या, इंजिनाशी बसला होता. बाजूला तीन-चार जण होते. डोंगीचा मालक म्हातारा बंगाली, एक रांचीकडचा, एक तमिळ दुकानदार. आम्ही मागे होतो, त्याला दिसलो नाही.

“दादा, नोजल में कचरा है,” दिनू सांगत होता. “कल मत जाना समंदर में. प… पहले साफ करेंगे, फिर चला के देखेंगे.”

म्हातारा म्हणाला, “हम तो कल… वो क्या बोलता है… कल बाजार को मछली देगा बोला था.”

“तो मेरा वाला डोंगी ले जाओ, दादा. शाम को वापस लाओ.”

म्हाताऱ्याला शब्द सापडेना, तो हाताने हवेत जाळं काढू लागला. सगळे थांबले. कोणी घाई केली नाही, कोणी हसलं नाही. मग दिनू पुन्हा बोलू लागला. मध्ये एखादा शब्द अडला तरी बाकीचे तसेच थांबत, जसे ते म्हाताऱ्यासाठी थांबले होते. तिथल्या हिंदीवर कोणाचाच हक्क नव्हता. ज्याला जशी येईल तशी तो बोले.

मावशी भाकरी हातात धरून उभ्या होत्या. “हा किती बोलतो रे,” त्या हळूच म्हणाल्या. त्यांना इतकं हळू बोलताना मी प्रथमच ऐकलं. मग म्हणाल्या, “इथं समदेच अडखळत्यात.”

तेवढ्यात रांचीवाल्याचं लक्ष गेलं. “अरे, मिस्त्री की माँ,” म्हणत तो उठला आणि मावशींना बसायला डबा उपडा करून दिला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मावशींनी विचारलं. जेवणं झाली होती, दिनू कंदिलाची काच पुसत होता.

“दिनू, गिरणीला नवी पाटी लावलीय. तुझ्या नावाची. येतोस का मग?”

त्याने काच खाली ठेवली. “ये… ये…”

मावशींचं तोंड उघडलं होतं. सवयीने त्या शब्द पुरा करणार होत्या, हे मला दिसलं. पण त्या थांबल्या. मग मलाही कळलं, की या अक्षरापुढे दोन्ही वाटा जातात. ‘येतो’ पण इथूनच सुरू होतं आणि ‘येत नाही’ पण इथूनच. सहा वर्षांपूर्वी नाशिकरोड स्टेशनवर तो असाच अडला होता आणि गाडीच्या गडबडीत ‘येतो’ त्यांनीच म्हटलं होतं, हे त्यांनी मला परतीच्या वाटेवर सांगितलं.

दिनूला बराच वेळ लागला. बाहेर पाण्याचा आवाज येत होता. मावशी त्याच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या.

“ये… येत नाही, आई.”

“बरं,” त्या म्हणाल्या. मग, “तेव्हा पण हेच म्हणत होतास का रे?”

त्याने होकारार्थी मान हलवली.

“ऐकलंच नाय मी,” मावशी म्हणाल्या. मग कंदिलाची काच त्यांनीच घेतली आणि पदराने पुसू लागल्या.

सकाळी बसथांब्यावर तो पाया पडला. मावशींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “जाते मी,” त्या म्हणाल्या. साधं, स्वच्छ. दिनूने चमकून वर पाहिलं. “तू सावकाश बोल. कुठं गाडी पकडायची नाय आपल्याला,” असं म्हणून त्या बसमध्ये चढल्या. बस सुटायलाच आली होती.

नाशिकरोडला आल्यावर गल्लीने विचारलं. “त्याचं तिथं बरं चाललंय,” एवढंच त्या म्हणत. पाटी मात्र काढली नाही. पुढे दिनूचे फोन आले की त्या गिरणी बंद करून बूथवर जात आणि रिसीव्हर कानाला लावून नुसत्या उभ्या राहत. बूथवाला मला सांगायचा, “तुमच्या मावशी फोनवर काही बोलतच नाहीत. तोच बोलतो.” पुढच्या वर्षांत दिनू दोनदा येऊन गेला, अगोदर काही न कळवता. मला घोटीला शाळेत नोकरी लागली. भेटायला गेलो की निघताना येतो म्हणायची सक्ती होतीच. तो नियम फक्त मायाबंदरला मोडला होता.

काही वर्षांनी मावशी गेल्या. साधा ताप आला आणि उतरलाच नाही. दिनू दहाव्याच्या आदल्या दिवशी पोचला. दहावा आटोपून लोक घरी येऊन टेकले आणि एकेक जण उठू लागला. दुःखाच्या घरातून निघताना येतो म्हणायचं नसतं, न बोलता उठायचं असतं. सगळे तसेच उठत होते. मीही उठलो, चपला घातल्या आणि निघालो.

बसथांब्यापाशी मागून हाक आली. “घोटीवाले, मा… मागं या.”

दिनू रस्त्यावर उभा होता, डोकं भादरलेलं. मी परत गेलो. त्याने मला पायरीवर बसवलं आणि तांब्या आणून हातात दिला. मी पाणी प्यालो. त्याने तोंड उघडलं.

“ये… ये…”

ओट्यावरचे एक काका म्हणाले, “येईल रे तो परत, जाऊ दे त्याला.” दिनूने हात वर करून त्यांना थांबवलं. गिरणी बंद होती. आम्ही सगळे वाट बघत राहिलो.

“येतो म्हणा,” तो म्हणाला.

“येतो,” मी म्हणालो.