जावईबापूंचा देव कुठला?

आमच्या हंगेरियन जावईबापूंनी आज पुरणपोळीवर लाल मिरचीपूड भुरभुरली. मंडळी, या पातकावर धर्मशास्त्रात प्रायश्चित्तसुद्धा सापडत नाही.

त्यांचं घराणं मेंढपाळांचं, आमच्यासारखंच फिरतं. पूर्वजांचं मूळ गाव शोधून बिचारे थकलेत.

जेवताना माझ्या चुलत्यांनी, न्हावऱ्याच्या आप्पांनी, विचारलं, "पाव्हणं, द्येव कुठला तुमचा? आमीबी मेंढरांमागं हिंडलो, पर जत्रंला दरसाल एकाच गावी."

लेकीने भाषांतर केलं. जावयांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांची आजी दरवर्षी एकाच चर्चच्या जत्रेला जायची, गावाचं नावही आठवलं!

"मग मूळ गाव तितंच शोधा की! आन् पोळीवर तूप घ्या."

लेकीला दिवस गेलेत. उद्या तिच्या बाळाला कुणी हेच विचारलं तर? आमच्या देवाचं गाव त्याला सांगता येईल की नाही, याची मला खरंच काळजी वाटते.