बिनतर्रीचा रस्सा

येडगावच्या लग्नात सावळेराम आचाऱ्यानं तेलाचा डबा लांबवला, ही बातमी मंचरला एसटीच्या आधी पोचली. डबा सापडला. नवरीच्या घरीच, भांड्यांच्या खोलीत, झाकणाला हात न लागलेला. मासवडीच्या रश्श्यावर तर्री नव्हती, हे मात्र खरं.

आता तर्रीशिवाय मासवडीचा रस्सा म्हणजे मुंडावळ्यांशिवाय नवरदेव. सावळेरामचं तर नावच त्या लाल तेलावर तरंगत होतं. पंचवीस वर्षं पातेल्यातली वरवरची पळी आधी तो ओठाला लावायचा, मान डोलवायचा, मगच पंगत बसायची. सीझनला चाळीस लग्नं, म्हणजे किती पळ्या झाल्या ते ज्याचं त्यानं बघावं.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत त्याचा थोरला भाऊ सोमाजी चहा पिता पिता गेला. वय बावन्न. सावळेरामच्या बायकोनं, झुंबरबाईनं, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला मंचरच्या डॉक्टरपुढं नेऊन बसवलं. रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल दोनशे ऐंशी. सावळेरामच्या चेहऱ्यावर काही उमटेना.

"अहो आचारी, तुमच्या रक्तावर तर्री आलीय," डॉक्टर म्हणाले.

हे समजलं.

गोळी सुरू झाली, पहाटेचं चालणं सुरू झालं. झुंबरबाईनं घरातलं तेल पळीवरून चमच्यावर आणलं. गाडं अडलं ते लग्नातल्या पळीपाशी.

"चव घेणं बंद करा," डॉक्टरांनी बजावलं.

"आचाऱ्यानं चव न्हाई घ्यायची, मंग काय वासावर पंगत बसवायची?"

"मग तुम्हाला चालेल असाच रस्सा करा," डॉक्टर वैतागून म्हणाले.

सावळेरामनं हेही औषधात धरलं. उन्हाळ्यात येडगावला कांदा-खोबरं तेलात न परतता नुसतं भाजून घेतलं, आणि पाचशे माणसांना आपल्या पथ्याचा रस्सा वाढला.

नवरदेवाचा मामा गेणभाऊ बादलीत पळी घालून ढवळू लागला. वर काही येईना. तीन वाट्या पिऊन झाल्या तरी त्याचा शोध चालूच. पंगत त्याच्याकडं बघत थांबली. सावळेरामच्या छातीत धडधडायला लागलं. सोमाजी आठवला, आणि पुढच्या सुपाऱ्याही आठवल्या.

"आचारी," गेणभाऊनं चौथी वाटी पुढं करत विचारलं, "तर्री कुठंय राव?"

सावळेरामनं खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले.

"माझ्या रिपोर्टात हाय, पावणं. आणून वाढू का?"